७२ व्होल्टच्या जुन्या इलेक्ट्रिक मोटरसायकलची बॅटरी: पूर्ण पॅक बदलावा, की नुसते सेल?

माहीमचा_मोटरवाला

गाडी २०१९ ची, ७२ व्होल्ट, ३.२४ किलोवॉट-तासांचा काढता येणारा पॅक. आत १८६५० आकाराचे (१८ मिमी व्यास, ६५ मिमी उंची) सेल, २० सिरीज १८ पॅरलल, प्रत्येकी २.५ अँपिअर-तास, म्हणजे एकूण ३६० सेल. मोटर ३ किलोवॉटची, पीक ५. वॉरंटी संपलेली आहे.

नवी होती तेव्हा इको मोडमध्ये शंभरच्या आसपास जायची, आता साठ-पासष्टला दम तोडते. मीटरवर २५ टक्के दिसत असतात आणि फ्लायओव्हरच्या चढावर एकदम बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते.

कुर्ल्यात दोन ठिकाणी चौकशी केली. एक म्हणतो सगळे सेल बदलू, दुसरा म्हणतो खराब तेवढे काढून नवे टाकू, निम्म्यात काम होईल. तिसऱ्या कोणी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सुचवले. नक्की काय करावं? पावसाळ्याआधी उरकायचं आहे.

सेलमापक

आधी मोजा, मग दुकानात जा. ‘रेंज कमी झाली’ हे लक्षण आहे आणि त्यामागे तीन-चार वेगवेगळी दुखणी असू शकतात.

पहिलं माप भिंतीवरचं. चार्जरच्या प्लगला युनिट मोजणारा मीटर लावा (१६ अँपिअरचा घ्या). गाडी बंद पडेपर्यंत चालवून मग पूर्ण चार्ज करा. चार्जरमध्ये साधारण १०-१२ टक्के उष्णतेत जातात, तेव्हा मीटरवर आलेले युनिट गुणिले ०.८८ म्हणजे पॅकमध्ये गेलेली वीज.

दुसरं माप वीस गटांचं. पॅकमधले १८ पॅरलल सेल मिळून एक गट होतो आणि असे २० गट एकामागे एक असतात. सर्व्हिस ॲप किंवा डायग्नोस्टिक केबलने गटांचे व्होल्ट दिसत असतील तर उत्तम. नसतील तर झाकण उघडून बीएमएसच्या (गटांवर नजर ठेवणारा, त्यांचे व्होल्ट सारखे राखणारा म्हणजे बॅलन्स करणारा आणि गरज पडली की वीज तोडणारा बोर्ड) बॅलन्स कनेक्टरवर मल्टिमीटरने मोजावे लागतात. पूर्ण चार्ज पॅकला ८४ व्होल्ट डीसी असतात आणि डीसीचा आर्क आपोआप तुटत नाही. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवायचं, स्क्रू ड्रायव्हर इन्सुलेटेडच हवा, मल्टिमीटरच्या प्रोबचं टोक दोन मिलिमीटर सोडून बाकी टेपने झाकायचं. हे वाचूनच पोटात गोळा आला असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

तीन वेळा मोजा: फुल चार्जनंतर दोन तासांनी, गाडी बंद पडल्यावर लगेच, आणि फुल चार्ज करून तीन-चार दिवस न हलवता ठेवल्यावर.

अर्थ असा लावायचा. एखादा गट चार्ज होताना सगळ्यांच्या आधी वर पोचतो आणि गाडी चालवताना सगळ्यांच्या आधी खाली पडतो, तर त्याची क्षमता घटली आहे: सेल म्हातारे झालेत किंवा एक-दोन सेलचं वेल्डिंग सुटून ते गटाबाहेर पडलेत. आपल्या खड्ड्यांत दुसरी शक्यता मुळीच दुर्मीळ नाही. गटाचे व्होल्ट फुल चार्जलाही इतरांपेक्षा कमी आणि बंद पडतानाही कमी, तर तो बाकीच्यांपेक्षा कमी भरलेला राहतोय, म्हणजे गळती किंवा बॅलन्सिंगचा घोळ. वीसही गट एका रांगेत आणि तरी युनिट कमी, तर पॅक सरळ वयाने थकला आहे.

वडाळा_व्होल्ट

त्याहीआधी चार्जर तपासा, फुकटचं काम आहे. चार्ज संपल्यावर आउटपुटला ८४.० च्या आसपास यायला हवेत. जुना चार्जर ८२.५ वर थांबत असेल तर प्रत्येक गटाला फक्त ४.१२ मिळतात. थोडी क्षमता त्यातच जाते, आणि बहुतेक बीएमएसचं बॅलन्सिंग वरच्या टोकालाच चालू होत असल्याने ते धड कधी होतच नाही. शिवाय टायरमधली हवा आणि मागचा ब्रेक घासतोय का, हेही बघून घ्या. बॅटरीच्या नावाने खपलेले किलोमीटर कधी कधी तिथे सापडतात.

माहीमचा_मोटरवाला

चार्जर ठीक आहे, ८३.९. भिंतीवर २.३ युनिट आले. गटांची मापं अशी:

फुल चार्जनंतर दोन तासांनी १९ गट ४.१६ ते ४.१७, गट १४ मात्र ४.०६. बंद पडल्यावर बाकीचे ३.५५ च्या आसपास, गट १४ थेट २.९. चार दिवस ठेवल्यावर बाकीचे जवळपास जागेवर, गट १४ घसरून ४.०२.

सेलमापक

झकास, आता बोलता येतं.

२.३ गुणिले ०.८८ म्हणजे सुमारे २ किलोवॉट-तास. पण गाडी बंद पडली तेव्हा बाकीच्या १९ गटांत अजून पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त वीज शिल्लक होती. मीटरचे २५ टक्के खोटे नव्हते, ते पॅकची सरासरी सांगत होते. बीएमएस मात्र सर्वांत खालच्या गटाकडे बघून कट करतं. चढावर करंट वाढला की गट १४ आधी कोसळतो, थांबलात की व्होल्ट सावरतात, म्हणून पाच मिनिटांनी गाडी चालू होते. म्हणजे १९ गटांची खरी क्षमता अंदाजे २.६ किलोवॉट-तास, मूळच्या ८० टक्के. सहा-सात वर्षांच्या पॅकला हे वाईट मुळीच नाही.

गट १४ ला दोन दुखणी आहेत. चार दिवसांत ४० मिलिव्होल्ट घसरण या टप्प्यावर ढोबळमानाने दीड-दोन अँपिअर-तास होते, म्हणजे २० मिलीअँपिअरच्या आसपास सतत गळती. बीएमएस ५० मिलीअँपिअरने बॅलन्स करतं असं धरलं तरी ते फक्त चार्जच्या शेवटच्या टप्प्यात, गळती चोवीस तास. ती शर्यत बीएमएस कधीच जिंकणार नाही. आणि खाली २.९ पर्यंत जाणं नुसत्या गळतीने होत नाही, त्या गटाची क्षमताही घटली आहे. वारंवार तळाला गेल्यामुळेच घटली असणार.

गळती सेलमध्ये आहे की बाहेर, हे मात्र उघडल्याशिवाय कळणार नाही. बॅलन्स वायरच्या टोकाला हिरवट गंज, बीएमएसच्या बोर्डावर ओल, किंवा अडकून सतत चालू राहिलेला बॅलन्स रेझिस्टर, हे तिन्ही असाच आकडा देतात. गट १४ ची बॅलन्स वायर बोर्डापासून वेगळी करून चार दिवस ठेवा. घसरण थांबली तर दोष बोर्डात, चालू राहिली तर सेलमध्ये. सेलमध्ये असेल तर आतला सेपरेटर (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगळे ठेवणारा पातळ पडदा) कमकुवत झालेला असू शकतो. तो पॅक घरात, जिन्याखाली किंवा रात्रभर चार्जिंगला ठेवू नका.

कुर्ल्याच्या दुसऱ्या दुकानदाराचं ‘खराब तेवढे काढून नवे’ याचा अर्थ गट १४ मधले चार-पाच सेल बदलणं असेल तर नको म्हणा. एकाच पॅरलल गटात नवे-जुने मिसळले की कमी रेझिस्टन्सच्या नव्या सेलमधून जास्त करंट जातो आणि जुन्यातली गळती नव्यांना खात राहते. संपूर्ण गट, म्हणजे अठराच्या अठरा, एकाच बॅचचे नवे टाकले तर चालतं. सिरीजमध्ये एक गट इतरांपेक्षा मोठा असल्याने बिघडत काहीच नाही, तो फक्त मर्यादा ठरवत नाही. जोडण्याआधी नवा गट इतरांच्या व्होल्टवर आणून ठेवायचा, एवढं पाळा.

ठाण्याचा_वेल्डर

कागदावर पटतं, पण एक गट बदलायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. गट १४ पॅकच्या मधोमध असतो. १३ आणि १५ कडे जाणाऱ्या निकेलच्या पट्ट्या उपटताना शेजारच्या जुन्या सेलचे टोकही ओरबाडले जातात. सेलच्या निगेटिव्ह तळाला भोक पडलं की तो सेल मेला, आणि इलेक्ट्रोलाइट बाजूला पसरतं ते वेगळं. मी असा गट बदलायला तयार होईन, पण एकाच अटीवर. चार तारांच्या मीटरने, १ किलोहर्ट्झवर, बाकीच्या १९ गटांचा अंतर्गत रेझिस्टन्स मोजायचा. सगळे एकमेकांशी जुळत असतील आणि पट्ट्या स्वच्छ असतील तर गट बदला. विखुरलेले असतील तर वर्षभरात दुसरा गट जाईल, पुन्हा तेच उघडणं. त्यापेक्षा सगळे ३६० बदला.

सगळे बदलायचे ठरलं तर दुकानदाराशी बोलताना हे लक्षात ठेवा.

सेल: १८६५० आकारात आज चांगल्यात चांगला सेल साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास असतो. रॅपरवर ‘९९००’ छापलेलं दिसलं तर तिथून उठा. अस्सल सेलचं वजन ४४ ते ५० ग्रॅम भरतं, बनावट हलके असतात, तेव्हा खिशातला सोनाराचा काटा उपयोगी पडतो. कारखान्यातून सेल साधारण ३० टक्के भरून, ३.५ ते ३.६ व्होल्टला येतात. खोका फोडल्यावर त्यात १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नको, रेझिस्टन्समध्ये २ मिलीओमपेक्षा जास्त नको. ३६० लागणार असतील तर ३८० मागवा, वीसेक बाजूला काढावे लागतातच. लॅपटॉपच्या पॅकमधले २.६ वाले सेल दिसायला तेच असतात, पण त्यांचा बांधा कमी करंटचा. तुमच्या गाडीत पीकला ५००० भागिले ७२, म्हणजे ७० अँपिअर, भागिले १८, जवळपास ४ अँपिअर एका सेलवर येतात. डेटाशीटवर सततचा डिस्चार्ज किमान १० अँपिअर असलेलाच घ्या.

पट्टी: ०.१५ गुणिले ८ मिमी शुद्ध निकेल, आरामात ५ ते ७ अँपिअर वाहते. प्रत्येक सेलला पुढच्या गटाशी स्वतःची पट्टी असेल तर ४ अँपिअरला ती पुरते. फसवणूक होते ती निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्टीने. कानशीने ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. तांबूस डाग आला तर परत करा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत लोखंड दोन पावसाळे काढत नाही, आणि त्याचा रेझिस्टन्सही जास्त. पॅकच्या दोन्ही टोकांना सगळा करंट गोळा होतो, तिथे तांब्याची पट्टी आणि १६ चौरस मिमीची सिलिकॉन वायर.

वेल्डिंग तुमच्यासमोर तपासायला लावा. एक सेल फुकट घालवून पट्टी पक्कडीने उपटायची. निकेलचे ठिपके सेलवर चिकटून राहिले तर वेल्ड पक्का, पट्टी सफाईने निघाली तर कच्चा. थेट सेलवर सोल्डर करणाऱ्याला हात जोडा.

पॉझिटिव्ह टोकाला बार्ली पेपरची (वीज न वाहणारा जाड कागद) गोल चकती हवीच. सेलची पूर्ण बाहेरची टाकी निगेटिव्ह असते, पॉझिटिव्हच्या काठापर्यंत. खड्ड्यांत पट्टी काठावर घासली की तिथे फक्त पातळ रॅपर उरतो. नव्याने बांधलेले बरेच पॅक याच एका चकतीपायी जळतात, आणि ती काही पैशांची असते.

फ्यूज १०० अँपिअर, पण किमान १०० व्होल्ट डीसी रेटिंगचा. गाड्यांच्या दुकानात मिळणारा ३२ किंवा ५८ व्होल्टचा फ्यूज उडाला तरी आतला आर्क चालूच राहू शकतो. वायरच्या टोकाचे लग, क्रिम्पिंग, वायर पेटीत घेणारे ग्लँड लोहार चाळीत मिळेल. तापमानाचे एनटीसी सेन्सर, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, बॅलन्स कनेक्टर, रेझिस्टन्स मीटर लॅमिंग्टन रोडला.

कॅन_कंडक्टर

सेलवर सगळे बोलतायत, पण गाडी अडते ती बीएमएसवर.

या वयाच्या बऱ्याच गाड्यांत बीएमएस आणि मोटरचा कंट्रोलर कॅन बसवर (गाडीतल्या बोर्डांना जोडणारी डेटा लाइन) एकमेकांशी बोलतात. बाजारातलं दुसरं बीएमएस टाकलंत की ओळखपाळख जुळत नाही आणि गाडी ‘रेडी’लाच येत नाही. म्हणून मूळ बोर्ड जपायचा, सेल तेवढे बदलायचे. त्यात एक मेख आहे. काही बोर्डांचे सेलचे व्होल्ट अचानक गेले की ते कायमच्या दोषात जातात आणि मग कंपनीच्या टूलशिवाय उघडत नाहीत. काम घेणाऱ्याला सरळ विचारा, ‘या मॉडेलचा बोर्ड तू आधी काढून परत जिवंत केला आहेस का?’ उत्तर घोळात आलं तर पुढे जाऊ नका.

काढताना आधी बॅलन्स कनेक्टर, मग मुख्य निगेटिव्ह. जोडताना उलट: आधी मुख्य निगेटिव्ह, मग बॅलन्स. आणि कनेक्टर बोर्डात खोचण्याआधी त्याच्या प्रत्येक पिनवर मल्टिमीटर फिरवा. निगेटिव्हपासून ३.६, ७.२, १०.८ अशी पायरी चढत जायला हवी. एक वायर मागेपुढे झाली की दोन पिनांत ७.२ येतात आणि बोर्ड धूर सोडतो.

नवे सेल बसवण्याआधी सगळे एकाच व्होल्टवर आणा. ‘बीएमएस करेल बॅलन्स’ म्हणणाऱ्याला गणित दाखवा: ४५ अँपिअर-तासांच्या गटात ५ टक्के फरक म्हणजे सव्वादोन अँपिअर-तास. ५० मिलीअँपिअरने ते काढायला ४५ तास लागतील, आणि तेही चार्जर लावून.

बोर्ड जुनी क्षमता लक्षात ठेवून असतो. पहिल्यांदा पूर्ण चार्ज करून चार्जर दोन-तीन तास तसाच लावून ठेवा, मग कमी वेगात जवळपास रिकामा होईपर्यंत चालवा, पुन्हा सलग फुल. टक्केवारी एक-दोन फेऱ्यांत जागेवर येते. साडेतीनचे सेल टाकून ‘६३ अँपिअर-तास करून देतो’ म्हणणारे भेटतील. बोर्डातली क्षमता कोणी बदलू शकत नसेल तर मीटर कायम चुकीचं दाखवेल.

गिरगावकर_गियरलेस

एलएफपीबद्दल. मला ती केमिस्ट्री आवडते. जास्त फेऱ्या टिकते, तापून पेटण्याची शक्यता कमी, आणि शून्याखाली चार्ज करता येत नाही ही तिची खोड मुंबईत कोणाला शिवत नाही. अडचण जागेची आहे. तुमच्या पेटीत ३२७०० आकाराचे, ६ अँपिअर-तासांचे सेल बसवले तर साधारण ११५ मावतील, म्हणजे २३ सिरीज ५ पॅरलल. ७३.६ व्होल्ट, ३० अँपिअर-तास, एकूण २.२ किलोवॉट-तास. आणि सेलची उंची ६५ ऐवजी ७० मिमी, म्हणजे झाकण बसतं का ते आधी मोजा. तुमचा आजचा आजारी पॅक २ देतोय!

२३ सिरीजचा एक फायदा असा की पूर्ण चार्ज ८३.९५ व्होल्ट, तोच चार्जर चालतो. २४ केलेत तर ८७.६, मग चार्जरही बदला आणि कंट्रोलर तेवढं सोसतो का तेही बघा. मूळ बीएमएस २० गटांचं आणि एनएमसीचं (तुमच्या आताच्या सेलची केमिस्ट्री) असल्यामुळे ते इथे निकामी, म्हणजे वर कंडक्टरभाऊंनी सांगितलेलं कॅनचं लफडं पूर्ण अंगावर. शिवाय एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, व्होल्टवर चालणारा मीटर ६० टक्के दाखवता दाखवता शून्यावर येतो. या गाडीला नको, असंच म्हणेन.

पार्ल्याची_पॉलिसी

कागदाची बाजू कोणीच काढली नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं. त्याच क्षमतेचे, त्याच केमिस्ट्रीचे सेल आणि केमिस्ट्री बदललेला पॅक या दोन गोष्टी विमा कंपनी एका मापाने तोलणार नाही. कंपनीचा नवा पॅक मिळत असेल तर त्याचा भाव आधी घ्याच. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींना लागलेल्या आगींनंतर एआयएस १५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाचे कडक नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतर त्या नियमांनुसार मंजूर झालेला पॅक तुमच्या २०१९ च्या पॅकपेक्षा सुरक्षित असेल. जे काही कराल त्याचं बिल, सेलचा मेक आणि बॅचसकट, घ्या आणि विमा कंपनीला ईमेलने कळवून ठेवा.

जुने सेल भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ नुसार त्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. पॅक दुरुस्तीला बाहेरगावी पाठवायचा असेल तर साध्या कुरिअरमध्ये ‘स्पेअर पार्ट’ लिहून टाकू नका. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या यूएन ३४८० खाली, धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येतात.

माहीमचा_मोटरवाला

बॅलन्स वायर काढून ठेवली होती. घसरण थांबली नाही, म्हणजे दोष सेलमध्येच. १९ गटांचा रेझिस्टन्स मोजला, चार गट इतरांपेक्षा दीडपट आहेत. मग सगळे ३६० बदलतो, मूळ बोर्ड ठेवून. कंपनीच्या पॅकचा भाव मागवला आहे, तो फार वर नसेल तर तेच. पावसासाठी पेटीचं काय करू?

ठाण्याचा_वेल्डर

दीडपट असतील तर निर्णय बरोबर आहे.

पेटीचं गॅस्केट नवं घाला, जुनं दाबून चपटं झालेलं असतं. सिलिकॉन लावायचं असेल तर न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि बंद पेटीत तांबं-निकेल खातं. झाकणावर हवेचा व्हॉल्व्ह असतो, बारीक जाळीचा. तो तुटला म्हणून एम-सीलने बुजवलेले पॅक येतात. तसं केलं तर तापलेला पॅक हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात शिरल्याबरोबर आतली हवा आकुंचन पावते आणि पेटी गॅस्केटच्या फटीतूनच पाणी ओढून घेते. व्हॉल्व्ह बदलून मिळतो, बुजवू नका.

सेल भरण्याआधी रिकामी पेटी बंद करून, आत कोरडे टिश्यू पेपर पसरून, वजन ठेवून अर्धा तास पिंपात बुडवा. काढल्यावर बाहेरून नीट पुसा, मग उघडा. कुठला कागद ओला झाला ते बघितलं की फट कुठे आहे ते कळतं. भराभरीचं काम एसीच्या खोलीत, कोरड्या दिवशी, आणि बंद करताना सिलिका जेलच्या दोन पुड्या आत. नव्या पॅकची पहिली दोन चार्जिंग दिवसा, समोर बसून करा, आणि गट १४ जिथे होता तिथल्या तापमान सेन्सरचा आकडा इतरांशी जुळतोय का ते बघत राहा.